वडील जाऊन सहा दिवस झाले. तेरवीला गावजेवण घालावं का, आणि शेताच्या कागदांची सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पाच एकर कोरडवाहू, वडील ५४ वर्षांचे, यवतमाळच्या दवाखान्यात वारले. सोसायटीचं पीककर्ज आहे. भाऊबंद म्हणतात तेरवीला पूर्ण गाव जेवलं पाहिजे, पैसे नसतील तर उचला. दहाव्याला आईच्या बांगड्या फोडायच्या म्हणून बायका अडून बसल्यात. आणि काका म्हणतात, बहिणीची हिस्सा सोडल्याची सही आत्ताच घेऊन टाक, नंतर जावई हिस्सा मागेल.

भाऊ, घरात सगळे तेरवीची तारीख मोजताहेत. तुम्ही पेरणीची मोजा. मे चालू आहे, मृगाला जेमतेम तीन आठवडे राहिलेत. तेरा दिवसांत जे ठरेल त्यावर जूनमध्ये वावरात काय पडेल ते ठरतं.

आधी पैशाचं बोलू, कारण त्यात सगळ्यात जास्त घरं बुडतात. सहाशे माणसं धरली आणि मंडप, आचारी, किराणा, भांडी मिळून ताटामागे शंभर रुपये धरले तरी साठ हजार होतात. गावात उसने पैसे शेकडा पाच रुपये महिन्याने मिळतात. म्हणजे महिन्याला तीन हजार आणि वर्षाला छत्तीस हजार नुसतं व्याज. कायद्याने परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. पण तेरवीचे पैसे देणारा परवाना दाखवत नाही आणि कागदही करत नाही. दुसऱ्या बाजूला पाच एकराला सरकीची दहा पाकिटं २०२५ च्या ९०१ रुपये भावाने नऊ हजारांची आणि डीएपीची पाच पोती १३५० ने पावणेसात हजारांची. एका पंगतीच्या पैशात तीन वर्षांची बिजवाई आणि खत होतं. भाऊबंदांना हा हिशेब तोंडी सांगू नका, वहीवर मांडून दाखवा. आकडा डोळ्यांसमोर आला की आवाज खाली येतात.

तेरवी करूच नका असं माझं म्हणणं नाही. दशक्रिया, पिंड, अस्थी तुमच्या घरच्या रीतीने करा, त्याला फार खर्च नाही. जेवणाला घरचे, जवळचे सोयरे, खांदा दिलेले आणि दवाखान्यात रात्री जागलेले एवढेच बोलवा. शंभर ते सव्वाशे माणसं होतात. शंभर माणसांना तांदूळ १० किलो, तुरीची डाळ ६ किलो, कणिक १२ किलो, आलू-वांग्याची भाजी १५ ते १८ किलो, तेल ६ लिटर आणि गोड म्हणून बुंदी ८ किलो पुरते. आचारी नेहमी दीडपट यादी देतो, उरलेलं कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यादी तुम्ही द्या. मे महिन्यात वरण दुपारी दोनपर्यंत आंबतं, म्हणून दोन खेपांत शिजवायला सांगा आणि पहिली पंगत अकराला बसवा. पाण्याचे २०० लिटरचे दोन ड्रम आदल्या रात्रीच भरून, झाकून, सावलीत ठेवा. टँकरचं पाणी असेल तर मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, टाका. उन्हाळ्यात तेरवीनंतर घरोघरी हगवण लागते ती बहुतेक पाण्यानेच.

गावाला हे सांगायचं कसं, हा खरा पेच. तुम्ही स्वतः सांगू नका. मुलाने सांगितलं की "पोरगं शिकलं, पण बापाची तेरवी नाई केली" हे वाक्य गावभर फिरतं. आठव्या दिवशी मामाला किंवा ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा एखाद्या म्हाताऱ्याला पुढे बसवा. भाऊबंदांतले पाच जण बोलवा आणि त्याच्याच तोंडून जाहीर करा. त्याला आधाराला गाडगेबाबा आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा हा माणूस १९५६ मध्ये जाईपर्यंत हातात खराटा घेऊन हेच सांगत फिरला, की कर्ज काढून जेवणावळी घालू नका. विदर्भात त्यांचं नाव घेतल्यावर समोरासमोर वाद घालायला कोणी धजत नाही. गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असेल तर त्यांना सामुदायिक प्रार्थनेला आणि खंजिरी भजनाला बोलवा. त्याने तेरवी उणी वाटत नाही. गावाला प्रार्थनेला यायचं बोलावणं आणि जेवण मर्यादित, असं केलं तर कोणी रुसत नाही. रुसलं तर पोळ्यापर्यंत विसरतं.

दुखवट्याचे कपडे, टोप्या, दुपट्टे आणू नका असं सोयऱ्यांना आधीच कळवा. आणलेलं प्रत्येक लुगडं उद्या त्यांच्या घरी फेडावं लागतं, तेही एक कर्जच आहे. कोणाला काही द्यायचंच असेल तर तांदूळ, डाळ किंवा रोख द्यावी. रोख एकाच वहीत नावानिशी लिहा आणि ती वही बहिणीकडे ठेवा. ओसरीवर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींच्या हाताला ती लागता कामा नये, बाकी समजून घ्या.

आता आई. दहाव्याच्या आधी तिला एकटीला गाठा. तिच्या विश्वासाची बहीण किंवा नणंद असेल तर ती सोबत असू द्या. एवढंच विचारा की तुझी काय इच्छा आहे. काही बायका कुंकू स्वतःहून काढतात, काहींना ते सहन होत नाही. दोन्हीपैकी काहीही तिच्यावर लादू नका, सुधारणाही नको. ती म्हणाली नको, तर घरातल्या सगळ्यात थोर बाईला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐन विहिरीवर वाद नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. सरपंचांना त्याची आठवण करून द्या. आणि बांगड्या उतरवायच्याच ठरल्या तर साबण लावून उतरवा. दगडावर हात आपटून फोडलेल्या काचेने मनगट फाटतं आणि पुढे आठ-दहा दिवस ती जखम चिघळत राहते.

तिला बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे का, हे आजच बघा. तेरा दिवसांत घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या हमखास चुकतात. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडते, त्यात आईचं जेवणही राहून जातं. दुपारी दोन तास दार लोटून घ्या. भेटायला आलेली माणसं अंगणात बसतील.

कागदांकडे येतो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावात नाही. तुमचे वडील यवतमाळला वारले, तेव्हा गावचा ग्रामसेवक दाखला देऊ शकत नाही. त्याच्याकडे चकरा मारू नका. दवाखान्यात किंवा नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावरचं नाव आधार आणि सातबाऱ्याशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का ते खिडकीवरच वाचून घ्या. "रामराव" आणि "रामा" एवढ्या फरकाने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, महिनाभर अडतो. मूळ प्रती सात-आठ घ्या.

दाखला हाती आला की त्याच आठवड्यात तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज टाका. ई-हक्कवरून ऑनलाइनही करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड आणि सगळ्यांचे आधार लागतात. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, मग नमुना ६ मध्ये फेरफार, मग नोटीस. नोटिशीचे पंधरा दिवस कोणालाच टाळता येत नाहीत. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि नावं सातबाऱ्यावर चढतात. मयताच्या नावावर नवं पीककर्ज मिळत नाही आणि वारसाला सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. तेरवीच्या धावपळीत अर्ज जूनवर गेला की पेरणी सावकाराच्या पैशावर होते. दोन्हीकडून पाय त्याच खड्ड्यात जातो.

वारस कोण, यात बहुतेक घरं चुकतात. आई, तुम्ही, बहीण, आणि आजी म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा. हिंदू वारसा कायद्यात मयताची आई पहिल्या वर्गात आहे, तिचं नाव हमखास राहतं. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. वडील २००५ च्या आधी गेले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. तेव्हा काकांना सांगा की वारस नोंद ही सगळ्यांची नावं लावण्याची जागा आहे, कमी करण्याची नाही. बहिणीचं नाव प्रतिज्ञापत्रातून गाळलं तर ते खोटं शपथपत्र होतं. तिने किंवा जावयाने हरकत घेतली की नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होते आणि सुनावण्यांत खरीप जातो.

हक्कसोड करायचंच असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. घरी बसून स्टॅम्पवर घेतलेली सही कशालाच उपयोगी पडत नाही. आणि बापाला जाऊन सहा दिवस झालेल्या बाईकडून सही घेणं मला पटत नाही. वर्षभर थांबा, तिने तिच्या मनाने ठरवावं. तिने हिस्सा ठेवला तरी ती उद्या वावरात धुरा, म्हणजे बांध, टाकायला येणार नाही. वावर तुम्हीच वाहणार आहात. आईचं नाव मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका. हक्कसोड दिलेल्या म्हाताऱ्या आया पुढे सुनेच्या मर्जीवर जगतात, हे कोणत्याही गावात दोन घरं फिरलात तरी दिसेल.

सोसायटीत लेखी कळवा आणि पोच घ्या. वडिलांचं कर्ज त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच तुमच्यावर येतं, त्यापलीकडे तुमच्या कमाईवर नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्य टक्क्यांवर येतं. म्हणून यंदाच्या कर्जाची शेवटची तारीख आधी विचारा आणि सभासदत्व व शेअर्स वारसाच्या नावे करून घ्या. वडिलांचं एटीएम वापरून खात्यातले पैसे काढू नका. नॉमिनी म्हणून रीतसर काढा. नॉमिनी पैसे घेऊ शकतो, पण ते सगळ्या वारसांचे असतात.

पासबुकच्या मागच्या वर्षाच्या नोंदी बघा. मे-जूनमध्ये ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवन ज्योती विम्याची रक्कम आहे. ५५ वर्षांपर्यंत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात, दावा बँकेत महिन्याभरात टाका. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाती विमा, तुम्हाला लागू नाही. दुसरं कोणी हे वाचत असेल तर एक लक्षात ठेवा: साप चावून, विजेने किंवा फवारणीच्या औषधाने शेतकरी गेला तर पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा टाळू नका. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे २ लाख तालुका कृषी कार्यालयातून मिळवताना ते दोन कागद मागतात.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेल्याबद्दल राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार मिळतात. आई ६५ च्या आतली असेल आणि घराचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मिळत असेल तर संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये आहेत. दोन्ही अर्ज तहसीलच्या एकाच शाखेत जातात, उत्पन्नाचा दाखला एकदाच काढा. पीएम किसानचे वडिलांच्या खात्यात यापुढे हप्ते आले तर परत मागतात, ते खर्चू नका. सातबाऱ्यावर नाव चढलं की फार्मर आयडी काढून नवी नोंदणी करा. २०१९ नंतर नाव लागलेल्यांना ही योजना मिळत नाही असं कोणी सांगेल, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. अर्जात फेरफार क्रमांक आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडा.