बॉक्सस्टरचा आवाज गेला आणि ॲम्प बिचारा फुकट बदनाम

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे २००७ ची पोर्शे बॉक्सस्टर आहे, बोस सिस्टिमवाली, सेकंडहँड घेतलेली. आठवडाभर कव्हरखाली उभी असते, रविवारी पहाटे नागपूरहून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत एक चक्कर, येताना तर्री पोहे, झालं. ओरिजिनल सिस्टिममध्ये नेव्हिगेशन दाबलं की डिस्क मागायची, ती डिस्क आधीच्या मालकाकडेही नव्हती, म्हणून एका दुकानातून नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. मॅप झकास चालतो पण बोसचे स्पीकर एकदम मुके. दुकानदार म्हणतो ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) उडाला, नवीन टाका. त्यात तेव्हापासून दर रविवारी बॅटरी डाऊन, आणि आता तर पुढची डिकीच उघडत नाहीये, जिच्यात बॅटरी आहे! काय करू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी डिकी, बाकी सगळं नंतर. या गाडीच्या पुढच्या झाकणाचं लॅच इलेक्ट्रिक आहे, म्हणजे बॅटरी मेली की झाकण उघडत नाही आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरी मिळत नाही, किल्ली आत ठेवून तिजोरी लावल्यासारखं. पण कंपनीने याची सोय करून ठेवलीय. पायाजवळच्या फ्यूजबॉक्सचं कव्हर काढा, आत एक टर्मिनल असं आहे जे बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावा आणि मायनस दाराचं कुलूप ज्या लोखंडी आकड्यात अडकतं त्या आकड्याला. मग झाकण उघडा. गाडी लॉक असेल तर हॉर्न बोंबलेल, बोंबलू द्या, शेजाऱ्यांना नंतर चहा पाजा. एवढंच की हे लॅच उघडण्यापुरतं आहे, इथून जंप देऊन गाडी स्टार्ट करायला जाऊ नका, वायरिंग जळेल. आणि बॅटरीचं काम पूर्ण होईपर्यंत झाकण परत आपटून लावायचं नाही हं, नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

आता तुमचा ॲम्प. माझ्या मते तो उडालेला नाही, त्याला कोणी गाणंच पाठवत नाहीये. साध्या गाडीत स्टिरिओच्या मागून तांब्याच्या वायरी निघतात आणि थेट स्पीकरला जातात. तुमच्या गाडीत स्टिरिओपासून बोसच्या ॲम्पपर्यंत आवाज प्लास्टिकच्या फायबर केबलमधून जातो, लाल उजेडाच्या रूपात. या पद्धतीला मोस्ट म्हणतात, आणि ती गोल साखळीसारखी असते, स्टिरिओ, ॲम्प, नेव्हिगेशनचा ड्राइव्ह असं एकाकडून दुसऱ्याकडे आणि फिरून पहिल्याकडे. साखळीतला एक जण बाहेर काढला की सगळेच गप्प. दुकानदाराने नेमकं तेच केलं, साखळीचा मुखियाच काढून नेला आणि त्याच्या जागी जो बसवला त्याला ही भाषा येतच नाही. नवीन ॲम्प टाकला तरी तोही मुकाच बसणार होता आणि मग दुकानदार म्हणाला असता स्पीकर गेले.

फायबरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, ती केबल वायरीसारखी दुमडून, टेपने गुंडाळून डॅशबोर्डमागे कोंबायची नसते. वळण साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ झालं की उजेड पुढे जाताना मार खातो. दुकानात कोंबाकोंबी झाली असेल तर आधी ती केबल कुठे मोडली का ते पाहून घ्या.

बॅटरी का उतरते? स्टिरिओला दोन प्लस लागतात, पिवळी वायर कायम चालू आणि लाल वायर किल्ली फिरवली की चालू. तुमच्या गाडीत स्टिरिओच्या मागे किल्लीवरची ती साधी वायर मिळत नाही, किल्ली चालू झाल्याचा निरोप डेटावरून येतो. मग घाईतला माणूस काय करतो, लाल आणि पिवळी एकत्र पिळतो, स्क्रीन चालू झाली, पैसे द्या, निघा. बहुतेक तुमच्याकडे हेच झालंय. म्हणजे गाडी बंद असताना तुमचा अँड्रॉइड रात्रभर जागा. तो अर्धा अँपिअर जरी खात असेल तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर झाले, ७० अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत साफ. रविवार ते रविवार! रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ही चूक वर्षभर पकडली जात नाही, कारण रोज चार्ज होत राहते, पण तुमची गाडी आहे हौशी, उभी राहणारी, म्हणून लगेच चव्हाट्यावर आलं.

खात्री करायची तर मल्टिमीटर बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजला लावा (म्हणजे मायनसची केबल सोडवून मीटर मध्ये जोडा), गाडी लॉक करा, अर्धा तास हात लावू नका कारण गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपायला वेळ घेतात, मग आकडा पाहा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, ३००-४०० दिसला तर स्टिरिओचा फ्यूज काढून पाहा, आकडा धपकन खाली आला की चोर सापडला.

आता पुढे काय. पहिलं म्हणजे जुना युनिट दुकानात सोडून आला असाल तर आजच जाऊन आणा, उद्या नाही, आज. तो भंगार वाटतो पण गाडी विकताना ओरिजिनल नसेल तर गिऱ्हाईक त्याचेच पैसे कापतं. सोबत रेडिओचा कोड कुठे लिहिलाय तेही शोधा, बॅटरी काढल्यावर युनिट तो कोड मागू शकतो, सर्व्हिस बुकासोबत कार्ड असतं.

मला विचाराल तर पोर्शे क्लासिकने जुन्या गाड्यांसाठी जो युनिट काढलाय, पीसीसीएम प्लस, तो पाहा. सात इंची टच, ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनचे मॅप-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारे) दोन्ही, जुन्या जागेत बसतो आणि ॲम्प-स्पीकर आहे तेच राहतात, कापाकापी नाही. स्वस्त नाहीये, भाव अधिकृत डीलरकडूनच लेखी घ्या आणि चेसिस नंबर देऊन तुमच्या गाडीला चालतो का तेही वदवून घ्या. तेवढं बजेट नसेल तर मोस्टचा ॲडॅप्टर मिळतो जो बाहेरच्या स्टिरिओचा आवाज फायबरमध्ये घालतो, पण मग स्टिरिओ तरी नावाजलेल्या कंपनीचा घ्या. तिसरा रस्ता म्हणजे बोस उखडून नवीन ॲम्प, नवीन स्पीकर, नवीन वायरी. तो मी तुम्हाला सांगणार नाही. आणि बोसचा ॲम्प ठेवून नुसते स्पीकर बदलायचा मोह झाला तर सांभाळून, त्याचे स्पीकर कमी ओहमचे (म्हणजे विजेला कमी अडवणारे) असतात, बाजारातले चार ओहमचे लावले की आवाज वाढायच्या जागी कमीच होतो.

नेव्हिगेशनवर वेगळा एक रुपया घालू नका. जुन्या डिस्कमध्ये ना समृद्धी महामार्ग ना आपली मेट्रो, त्या वेळी यातलं काही नव्हतंच. फोनमधला मॅप रोज ताजा होतो, स्क्रीनने फक्त तो मोठा करून दाखवायचा. समृद्धीवर जाणार असाल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, मध्ये मध्ये नेटवर्क जातं. आणि मे महिन्यात कारप्ले वायरनेच चालवा. वायरलेस प्लस चार्जिंग प्लस ऊन म्हणजे फोनचं भजं. ॲपल स्वतः आयफोन ० ते ३५ डिग्रीत वापरा म्हणतं, आपल्याकडे ३५ तर मार्चमध्येच पार होतात. डॅशबोर्डवर काचेखाली फोन ठेवला तर ऐन फाट्यावर स्क्रीन काळी होते, अनुभवाने सांगतोय, ताजबागला जायचं होतं आणि ते मागे टाकून उमरेडच्या रस्त्याला पार पुढे गेलो होतो.

आवाजाचं शेवटचं. तुमची गाडी सॉफ्ट टॉप आहे, छत उघडून ऐंशीने निघालात की वारा सगळ्यात आधी बेस गिळतो, मग माणूस बेस वाढवतो आणि दारं खडखडतात. त्यापेक्षा दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) मारून घ्या, ओरिजिनल स्पीकरच वेगळे वाटायला लागतील. सबवूफर नको, दोन माणसांच्या गाडीत एक डिकी त्याला का द्यायची? आणि खरं सांगू, पाठीमागे सहा सिलिंडरचं इंजिन चार हजार आरपीएमच्या वर गेलं की मी तर आवाजच बंद करतो.

प्रश्न : वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर माझं नेव्हिगेशन येडं होतं. मी पुलावर असते आणि ते म्हणतं उजवीकडे वळा! कार छोटी स्पोर्टी हॅचबॅक आहे, कंपनीचीच सिस्टिम. अँटेना बदलू का?
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर : ताई, अँटेना नका बदलू. तिथे खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो, तिन्ही एकावर एक, तेही तीन किलोमीटरहून जास्त लांबीत. जीपीएसला तुम्ही नकाशावर कुठे आहात ते नीट कळतं पण उंची नीट कळत नाही, आणि वरून मेट्रोचा काँक्रीटचा पट्टा आकाश झाकतो त्यामुळे सॅटेलाइट कमी दिसतात. मग ॲप अंदाज करतं की खालच्या रस्त्यावर असाल. कंपनीची सिस्टिम चाकांच्या स्पीडवरून जागा मोजत राहते म्हणून ती एकदम हरवत नाही, पण वर की खाली हे तिलाही नेमकं कळत नाही. पुलावर चढायच्या आधीच ठरवून घ्या छत्रपती नगरला काम आहे की थेट अजनीकडे जायचंय, आणि वर असताना बाईचा आवाज म्यूट. फक्त एक तपासा, काचेला अलीकडे उष्णता अडवणारी फिल्म लावलीय का? त्यात धातूचा थर असेल तर जीपीएस सगळीकडेच कमजोर होतं, नुसतं पुलावर नाही.

प्रश्न : लाखभराची सिस्टिम बसवली, विमावाल्याला सांगायलाच पाहिजे का?
– एक वाचक, सदर

उत्तर : हो. कंपनीच्या बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी लिहावी लागते, तिच्या किमतीच्या ४ टक्के जास्तीचा प्रीमियम पडतो, म्हणजे तुमचे चार हजार. बिल पक्कं घ्या, साध्या कागदावरच्या हिशोबाला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.