ओप्रिच्निना म्हणजे गुप्त पोलीस नव्हे

प्रश्न असा : रशियाच्या चौथ्या इव्हानच्या 'ओप्रिच्निना'ला मराठीत गुप्त पोलीस म्हणावे का, आणि बोयार म्हणजे सरदारच ना?

गुप्त पोलीस मुळीच म्हणू नये. लेखांत, व्हिडिओंत हे इतके कानावर पडते की आता ऐकवत नाही. काळे कपडे घालून, खोगिराला कुत्र्याचे मुंडके आणि झाडू लटकावून भररस्त्याने दौडणारे स्वार गुप्त कसे? लोकांनी त्यांना पाहावे आणि चळाचळा कापावे, याचसाठी तो वेष होता. शिवाय त्या स्वारांचे नाव ओप्रिच्निक. ओप्रिच्निना म्हणजे १५६५ ते १५७२ या काळात झारने स्वतःसाठी राज्यातून वेगळा काढलेला मुलूख, त्याचा निराळा दरबार आणि फौज. उरलेला मुलूख तो झेम्श्चिना. तिथला कारभार बोयारांच्या दूमाकडेच, म्हणजे झारच्या सल्लागार मंडळाकडेच राहिला.

आता खरी गंमत. जुन्या रशियनमध्ये 'ओप्रिच' म्हणजे खेरीज, सोडून. आणि इव्हानच्या आधीपासून ओप्रिच्निना म्हणत ते राजघराण्यातल्या विधवेला तिच्या हयातीसाठी बाजूला काढून दिलेल्या जमिनीला! आपल्याकडे बायकांच्या खर्चासाठी चोळीबांगडीची जमीन लावून देत, त्याच जातीचा हा शब्द.

एवढा दरारा असलेल्या झारने विधवेच्या वाट्याचे नाव का घेतले? तो जमीन-महसुलातला रूढ शब्द होता, त्यात आणखी काही शोधू नये, असे सांगणारे अभ्यासक आहेत. मला ते साफ अमान्य आहे. इव्हान जन्मभर स्वतःला घरच्यांनी लुबाडलेला पोरका मुलगा समजत आला. आई येलेना ग्लिन्स्काया १५३८ मध्ये वारली तेव्हा तो आठ वर्षांचाही नव्हता. मग शुइस्की आणि बेल्स्की या बोयार घराण्यांनी सत्तेसाठी एकमेकांची डोकी फोडली. १५६४ मध्ये त्याला सोडून पळालेल्या सेनापती कुर्ब्स्कीला लिहिलेल्या पत्रात तो सल अजून ताजा आहे : आम्ही खेळत होतो आणि इव्हान शुइस्की बाकावर बसून, आमच्या वडिलांच्या पलंगावर कोपर टेकून, पाय वर ठेवून बसला होता! त्याच वर्षी डिसेंबरात हा माणूस मॉस्को सोडून अलेक्सांद्रोवा स्लोबोदाला निघून जातो, बोयारांनी छळल्याची तक्रार लिहून पाठवतो आणि परत येताना मागतो काय, तर घरातल्या निराधार बाईचा वाटा. याला मी योगायोग मानत नाही. पुढे १५७५ मध्ये त्याने सिमियोन बेकबुलातोविच या तातार राजपुत्राला गादीवर बसवले आणि त्याला अर्ज लिहिताना स्वतःचे नाव 'इव्हानेत्स' असे लहान करून घातले. वृत्ती तीच.

कुर्ब्स्की स्वतः यारोस्लाव्हलच्या राजवंशातला, लिथुआनियात पळालेला. त्याला या शब्दाची नस बरोबर सापडली. 'क्रोमे' म्हणजेही खेरीज. म्हणून त्याने ओप्रिच्निकांना 'क्रोमेश्निक' म्हटले, कारण बायबलातल्या नरकाच्या 'बाहेरच्या अंधारा'ला स्लाव्ह भाषेत क्रोमेश्नाया म्हणतात. आपला 'खेरीज'सुद्धा अरबी 'खारिज'मधून, म्हणजे 'बाहेरचा' या अर्थातूनच आला. तीन भाषांत एकच वाट!

मराठीत म्हणायचेच तर 'खासगी' म्हणा. होळकरशाहीत दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. १७३४ मध्ये पेशव्यांनी खासगी जहागीर दिली तीही मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे. म्हणजे दौलत ती झेम्श्चिना, खासगी ती ओप्रिच्निना, आणि ओप्रिच्निक तो खासगीवाला. होळकरांच्या खासगीने कुणाची गावे जाळली नाहीत, ओप्रिच्निकांनी १५७० मध्ये नोव्हगोरोद धुऊन काढले. तो फरक टिपेत लिहावा, शब्द मात्र हाच चपखल आहे.

बोयार हा दूमातला सर्वांत वरचा दर्जा, राजाने द्यायचा. सरदार नको, बोयारच लिहा.