स्नायूत हाड घडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

हाड नसलेल्या जागी प्रयोगाने हाड घडवतात म्हणजे काय करतात?

अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलेली रीत अशी : हाडातले खनिज आम्लात विरघळवून काढायचे आणि उरलेला प्रथिनांचा सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवायचा. उंदरात सुमारे आठवड्याने तिथे कास्थी (कूर्चा) दिसते, दहा-बारा दिवसांत हाड, तीन आठवड्यांच्या आसपास मज्जासुद्धा.

मग विकरांचे (एन्झाइमांचे) काम कुठे येते?

जवळपास प्रत्येक टप्प्यावर. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून तिथल्या पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवून ऊर्जा काढतात. पण मुख्य विकर अल्कलाइन फॉस्फेटेज. ते पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते आणि खनिज साचण्याआधीच वाढू लागते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये मांडले की ते खनिजाला लागणारे फॉस्फेट पुरवते. ही अर्धीच गोष्ट झाली. पायरोफॉस्फेट, म्हणजे दोन फॉस्फेट जोडून झालेला रेणू, खनिजाचे स्फटिक वाढू देत नाही. हे विकर ते तोडते, म्हणजे अडसरही निघतो. हायपोफॉस्फेटेशिया या जन्मजात विकारात नेमके हेच विकर कमी पडते आणि हाडे मऊ राहतात. हाड झिजवणाऱ्या पेशी पुढे येतात, तेव्हा आम्लात चालणारे दुसरे विकर, अ‍ॅसिड फॉस्फेटेज वाढते.

माझ्या पेशी-संवर्धनात (बशीत वाढवलेल्या पेशींत) अल्कलाइन फॉस्फेटेज भरपूर, पण कॅल्शियम लाल करणाऱ्या अलिझारिन रेडचा रंग चढत नाही. काय चुकले?

कदाचित काहीच नाही. घाई झाली असेल. विकर आधी, खनिज नंतर. माध्यमात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आहे ना, तेवढे बघा. त्याशिवाय कोलॅजन, म्हणजे हाडाच्या सांगाड्याचे तंतुमय प्रथिन, नीट विणले जात नाही. मला उलट काळजी जास्त वाटते : माध्यमात फॉस्फेटसाठी घातलेले बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट जादा असेल तर विकर त्यातून इतके फॉस्फेट सोडते की कॅल्शियम नुसताच साका होऊन बसतो, आणि अलिझारिन तोही लाल करते. लाल दिसले की हाड झाले, असे लिहू नका. आकडे देताना विकराची क्रिया प्रथिनाच्या किंवा डीएनएच्या प्रमाणात द्या, नाहीतर मोजल्या जातात फक्त जास्त झालेल्या पेशी.

ऊतक वाटून (कुटून) त्यातले विकर मोजावे की त्याचे पातळ काप रंगवावेत?

एकच जमणार असेल तर काप. केशवाहिन्यांच्या अस्तरातही हे विकर असते; वाटलेल्या ऊतकात ते कुणाचे, हे कळत नाही. फक्त खनिज काढायला आम्ल वापरू नका, विकर मरते. कॅल्शियम ओढून घेणारे रसायन, ईडीटीए वापरा. ते विकराला लागणारे मॅग्नेशियमही ओढून घेते, तेव्हा रंगवण्याआधी काप मॅग्नेशियमच्या द्रावणात बुडवा. बरीचशी क्रिया परत येते.