‘मोर्स ५५’ या नोंदीचा अर्थ
रुग्णालयात दाखल असलेल्या वडिलांच्या कागदांवर ‘मोर्स ५५’ का लिहिले आहे, असे आपण विचारले आहे. ‘मोर्स’ ही रुग्ण पडण्याचा धोका मोजण्याची गुणपद्धती आहे. पूर्वी पडल्याचा इतिहास (२५ गुण), एकाहून अधिक आजार (१५), शिरेतील सलाईनची सुई (२०), चालताना लागणारा आधार, चाल आणि स्वतःच्या क्षमतेचे भान या सहा बाबींवरून परिचारिका ० ते १२५ गुण देतात. ४५ गुणांपासून पुढे पडण्याचा धोका सहसा जास्त समजला जातो. मात्र उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ मध्येच अशा गुणांवरून भाकीत न करता वयाने ६५ वर्षे व त्यापुढील प्रत्येक दाखल रुग्णाला धोका आहे असे धरावे, असे सांगितले, आणि मला तेच पटते, कारण उठताना उतरणारा रक्तदाब, झोपेच्या गोळ्या किंवा रात्री लघवीला जाण्याची घाई त्या बेरजेत दिसतच नाही. त्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.