बोटं ताणू नका, मनगटाला कामाला लावा

प्रश्न : माझा लहान भाऊ बाईकवरून पडला, मान मोडली, त्याला आता ५ महिने झालेत. रिपोर्टवर सी ६ कम्प्लीट (मानेतल्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा) लिहिलंय. कोपर वाकवता येतं, मनगट वर उचलता येतं पण बोटं हलत नाहीत आणि हल्ली आत वळायला लागलीत, म्हणून आई रोज त्याचं मनगट मागे वाकवून बोटं पूर्ण सरळ ताणते. पाय मधेच जोरात उडतात, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं पायात जीव येतोय. बाबा व्हीलचेअर घ्यायला तयार नाहीत, म्हणतात एकदा बसला की उठायचा नाही. काय करावं? – एक बहीण

उत्तर : ताई, सगळ्यात आधी आईंना थांबवा. हात चोळू देत, त्याने काही बिघडत नाही, पण मनगट मागे आणि बोटंही सरळ असं एकत्र ताणणं आजपासून बंद.

बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटावरून जातात. मनगट वर उचललं की त्यांना ताण बसतो, बोटं आपोआप मिटतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो, मनगट खाली सोडलं की बोटं उघडतात. भावाला टेबलावर कोपर टेकवून आत्ताच करून बघायला सांगा. ह्याला टेनोडेसिस ग्रिप म्हणतात, आणि बोटांत अजिबात ताकद नसताना सी ६ वाली माणसं पेन, टूथब्रश, चार्जरची वायर पकडतात ती ह्याच्याच जोरावर. पण त्यासाठी ते टेंडन जरा आखूडच असावे लागतात. आई बिचाऱ्या मायेने रोज ते लांब करतायत, आणि एकदा का ते सैल पडले की मनगट कितीही उचला, पकड येत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून बोटं थोडी सरळ करायला हवीतच, फक्त तेव्हा मनगट खाली वाकलेलं पाहिजे. बेडवर हात टेकून वजन देतानासुद्धा पंजा पसरायचा नाही, बोटं मिटलेली ठेवायची. रात्री स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) लावायचा का ते ऑक्युपेशनल थेरपिस्टला हात दाखवून ठरवा.

आता पाय. ते उडणं बहुतेक वेळा स्पॅझम, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा झटका असतो. इजेच्या खालचा मज्जारज्जू स्वतःचे रिफ्लेक्स चालवत राहतो, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. सांगितल्यावर हलतो आणि सांगितल्यावर थांबतो का, हे बघा, तरच ती हालचाल त्याची. आणि झटके अचानक वाढले तर आनंद मानण्याआधी लघवीचं इन्फेक्शन किंवा बेडसोर नाही ना ते तपासा. कम्प्लीट हा शिक्का कधी मारलाय तेही विचारा, कारण अगदी सुरुवातीला स्पायनल शॉकमध्ये, म्हणजे इजेनंतर मज्जारज्जू तात्पुरता बंद पडलेला असताना केलेली तपासणी फसवू शकते. गुदद्वाराजवळची संवेदना आणि आवळण्याची ताकद परत बघून घ्या, ते थोडंही असेल तर इजा इनकम्प्लीट धरतात. सुधारणा पहिल्या ६ ते ९ महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पुढे हळूहळू. मी तरी पायांपेक्षा ट्रायसेप्सवर, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूवर डोळा ठेवीन, कोपर ताकदीने सरळ व्हायला लागलं तर बेडवरून खुर्चीत जाणं खूप सोपं होतं. हँड सर्जनचं मतही आत्ताच घ्या, टेंडन ट्रान्सफर (चालणाऱ्या स्नायूचं टेंडन दुसरीकडे जोडणं) नंतरही होतं पण नर्व्ह ट्रान्सफरला (चालणारी नस बंद पडलेल्या नसेला जोडणं) वेळेचं बंधन असतं.

बाबांना सांगा, व्हीलचेअरमुळे कुणाचं चालणं अडत नाही, बेडवर पडून राहिल्याने मात्र स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. खुर्ची मापाची घ्या, चांगल्या कुशनसकट, आणि दर १५ ते ३० मिनिटांनी त्याला पुढे किंवा बाजूला झुकवून दीड-दोन मिनिटं ठेवा, नुसतं क्षणभर उचलून उपयोग नाही.

एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, कॅथेटर कुठे मुडपलाय का बघा. ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, टी ६ (छातीमागच्या मणक्यांची सहावी पातळी) आणि त्यावरच्या इजेत होते, बीपी भयंकर वाढतं. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही तर सरळ इमर्जन्सीत.

प्रश्न : टी १० पॅराप्लेजिया (पाठीतल्या इजेमुळे दोन्ही पाय लुळे), ३ वर्षं व्हीलचेअरवर आहे. खांदा दुखतोय, व्यायाम बंद करू का?

उत्तर : बंद नको, बदला. आधी खुर्ची तपासून घ्या, चाकाचा अ‍ॅक्सल (आस) फार मागे असेल तर प्रत्येक ढकलण्यात खांदा जास्त झिजतो. छोटे छोटे भराभर धक्के देऊ नका, लांब आणि सावकाश ढकला. छातीचे व्यायाम कमी करून पाठीकडे खेचायचे वाढवा, व्यायामाचा रबरी बँड पुरतो. किमान माप म्हणाल तर आठवड्यातून दोनदा २० मिनिटं धाप लागेल असं काहीतरी, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे ३ सेट. रात्री त्या कुशीवर झोपणं सोडा, आणि हात वर उचलताच येत नसेल तर आधी खांदा डॉक्टरला दाखवा मग बँड हातात घ्या.