रात्री कॅमेऱ्यात सगळं पांढरं धुकट दिसतं, नवीन कॅमेरा घ्यायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की पोर्चमधला ४ मेगापिक्सलचा डोम सीसीटीव्ही कॅमेरा दिवसा एकदम क्लिअर दिसतो पण रात्री सगळं पांढरं धुकं, गेटपाशी आलेला माणूस ओळखू येत नाही, तर आता ८ मेगापिक्सलचा घेऊ का. माझं मत विचाराल तर आत्ता अजिबात घेऊ नका. सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप, तेवढाच छोटा असेल आणि त्यावर दुप्पट पिक्सल बसवलेले असतील तर एकेका पिक्सलला उजेड अजून कमी मिळतो, म्हणजे पैसे जाऊन रात्रीचं चित्र आहे तसंच राहील, कदाचित अजून खराब येईल.

मला हे इतकं पोटतिडकीने सांगावंसं वाटतंय कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. कराडजवळ गावी आई-बाबा दोघंच राहतात, मी पुण्यात. एका रात्री अडीचच्या सुमाराला कुणीतरी गेट उघडून आत आलं आणि बोअरच्या मोटरची केबल कापून नेली. सकाळी रेकॉर्डिंग लावलं तर माणूस पार कॅमेऱ्यासमोरून गेलेला, पण तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा, दाढी आहे का मिशी आहे तेही कळेना. बाबांनी तो तुकडा चार-पाच वेळा मागेपुढे करून बघितला आणि काही न बोलता टीव्ही बंद केला. ज्याने कॅमेरे बसवले त्याला फोन केला तर म्हणाला खराब झालाय, बदलून टाका. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं.

रात्री कॅमेऱ्यात होतं काय ते आधी सांगतो. अंधार पडला की आत टक्‌ असा आवाज येतो, तो लेन्समागचा आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा उजेड) अडवणारा फिल्टर बाजूला सरकल्याचा, मग चित्र ब्लॅक अँड व्हाइट होतं आणि भोवतीचे छोटे आयआर एलईडी चालू होतात. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत ते ८५० नॅनोमीटरचे असतात, जवळून बघितलं तर मंद लालसर दिसतात. म्हणजे कॅमेरा स्वतःच बॅटरी मारतोय आणि त्याच उजेडात बघतोय. आता ही बॅटरी जवळच्या कशावर पडली तर? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तुमच्या पोर्चचा पांढरा खांब किंवा भिंत कॅमेऱ्यापासून १ फुटावर असेल आणि गेट २० फुटांवर, तर भिंतीवर गेटच्या ४०० पट उजेड पडतो. कॅमेरा त्या भिंतीकडे बघून ठरवतो की भरपूर उजेड आहे, एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) कमी करतो आणि गेट काळं होऊन जातं. आमच्याकडे स्लॅबची कड फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात येत होती, कॅमेरा बोटभर खाली वाकवला आणि तेवढ्यानेच गेटचे गज दिसायला लागले.

पण धुकं म्हणालात म्हणजे मला पहिला संशय डोमच्या कव्हरचा आहे. पारदर्शक वाटी असेल तर आतल्या एलईडीचा उजेड त्या वाटीवरून उलटा लेन्समध्ये येतो. तो अडवायला लेन्सभोवती काळी रबराची किंवा फोमची रिंग असते, ती कव्हरला आतून घट्ट टेकलेली पाहिजे. बसवणारा अँगल फिरवताना कव्हर काढतो आणि लावताना ही रिंग तिरकी राहते, फार कॉमन आहे हे. वाटीवर बोटांचे तेलकट डाग असले तरी तेच होतं, दिवसा ते दिसणारही नाहीत. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने पुसा, लुंगी-टॉवेलने नको, चरे पडले की ते धुकं कायमचं.

मग जळमटं. मी रात्री दहाला शिडीवर चढलो, एका हातात मोबाईलवर लाइव्ह लावलेला, आणि स्क्रीनवर एक जाडजूड पांढरी दोरी हलताना दिसत होती. प्रत्यक्षात लेन्सपासून दोन बोटांवर कोळ्याचा एकच धागा होता, डोळ्याला धड दिसतही नव्हता, हाताने काढला आणि स्क्रीनवरची दोरी गेली. कॅमेऱ्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा झाडू फिरवायचाच, पावसाळ्यात जास्त.

सगळ्यात मोठा फरक मात्र उजेडाने पडला. गेटच्या खांबावर ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब लावला, कॅमेऱ्याच्या तोंडावर येणार नाही असा, बाजूने. मग ॲपमध्ये आयआर बंद करून कलर मोडवर ठेवलं. हे महत्त्वाचं आहे, कारण आयआरमध्ये कपड्याचे रंग खोटे दिसतात, काळा शर्ट चक्क पांढुरका दिसू शकतो, आणि आपण पोलिसांना सांगताना पांढरा शर्ट म्हणून सांगून बसतो. रात्रभर बल्ब नको असेल तर मोशन सेन्सरवाला लावा, किंवा वेगळा आयआर लाइट घेऊन कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट लांब लावा आणि कॅमेऱ्यातले एलईडी बंद करा, किडे पण तिकडेच जातात.

सेटिंगमध्ये फार खेळू नका, दोनच गोष्टी बघा. शटर म्हणजे एकेका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते; ते ऑटोवर असेल तर काही कॅमेरे अंधारात ते १/१२ सेकंदापर्यंत मंद करतात. चित्र उजळ दिसतं, आपण खूश होतो, पण चालता माणूस तेवढ्यात चार इंच पुढे सरकलेला असतो आणि चेहरा फराटा होतो. १/५० ठेवा, चित्र थोडं काळपट येईल पण चेहरा टिकेल. दुसरं म्हणजे नॉइज रिडक्शन, अंधारातले चित्रावरचे दाणे कमी करणारं सेटिंग, ते फुल केलं की चालणाऱ्याच्या मागे सावलीसारखी शेपटी येते, मध्यावर ठेवा. चेहरा पांढरा फटक होत असेल तर स्मार्ट आयआर नावाचा पर्याय असतो तो चालू करा, माणूस जवळ आला की एलईडी आपोआप मंद होतात.

आणि रात्रीच चित्रात आडव्या रेघा येत असतील किंवा कॅमेरा बंद-चालू होत असेल तर तो सप्लायचा प्रॉब्लेम. एलईडी चालू झाले की करंट जास्त लागतो, लांबच्या बारीक वायरीत १२ व्होल्टचे १०च उरतात. इलेक्ट्रिशियनला रात्री बोलावून कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावायला सांगा, दिवसा मोजून काही कळणार नाही.

हे सगळं करूनही गेट काळंच राहिलं तर मग कॅमेरा बदला, पण तेव्हा मेगापिक्सल विचारू नका, सेन्सर १/१.८ इंचाचा आहे का आणि लेन्स एफ १.० च्या जवळपास आहे का (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो) ते विचारा.

आज रात्री आधी आयआर बंद करून बघा. धुकं लगेच गेलं तर रिंग, कव्हर नाहीतर जवळची भिंत, यापैकीच काहीतरी आहे. काय दिसलं ते आणि भिंत कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते इथे लिहा, अँगल किती फिरवायचा ते सांगतो.