प्रदर्शनाला दिलेलं चित्र परत आणायची जबाबदारी कोणाची?

आयोजकांची. नेलं त्यांनी, आणून द्यायचंही त्यांनीच. पण तुम्ही लिहिलंय की प्रदर्शन संपून दोन महिने झाले, ‘या आठवड्यात पाठवतो’ एवढंच चाललंय आणि ‘ओळखीतले’ म्हणून कागद केला नाही. ते ‘ओळखीतले’ वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या बाबांनी १९६८ साली रंगवलेलं कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं जलरंगचित्र मुंबईतल्या एका प्रदर्शनासाठी मागितलं. मी म्हटलं, करारपत्र करू. दादा म्हणाला, “बाबांचे विद्यार्थी ते, त्यांच्याकडून सह्या घेणार तू?” प्रदर्शन मार्चमध्ये उतरलं. चित्र आलं जुलैच्या शेवटी, भर पावसात, टेम्पोतून, गादीच्या खोळीत. काच शाबूत, पण आभाळात तपकिरी ठिपके. बुरशी. चार महिने कुठल्या ओल्या भिंतीला टेकवलं होतं देव जाणे. (शाहू महाराज गेल्यावर त्यांचे दरबारी चित्रकार अबालाल रहिमानांनी आपली चित्रं रंकाळ्यात सोडली म्हणतात. निदान स्वतःच्या हातानं.)

तेही गिळलं असतं. पण फ्रेम नवी! ‘जुनी खराब होती, आमच्या खर्चानं बदलली,’ कौतुकानं सांगितलं. जुन्या फ्रेमच्या पुठ्ठ्यावर बाबांनी पेन्सिलनं तारीख आणि ‘आई सोबत’ असं लिहिलं होतं. आजी त्या दिवशी शेजारी बसली होती. पुठ्ठा रद्दीत गेला. दादा अजून म्हणतो, “चित्र आलं ना, पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलीस?”

तर आजच ईमेल करा: तारीख कोणती, पॅकिंग आणि वाहतूक कोणाची. विमा ‘नेल टू नेल’ आहे का, म्हणजे तुमच्या खिळ्यावरून निघून पुन्हा त्याच खिळ्यावर टांगेपर्यंत, आणि त्याची मुदत उरलीय का, हे लेखी विचारा. फ्रेमला हात लावायचा नाही, हेही लिहा. काचेवर कागदी टेपची फुली मारायला सांगा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. आल्यावर उघडून, पुढून-मागून बघूनच पावतीवर सही. मात्र एसीतून आलं असेल तर पेटी दिवसभर बंदच ठेवा आणि पावतीवर ‘न उघडता घेतलं’ असं लिहा.

मोठी संग्रहालयं हे न सांगता करतात, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. आणि तुमचं तैलचित्र असेल तर काचेचं सोडा, बबल रॅप थेट रंगावर येऊ देऊ नका.

देताना फोटो काढले नसतील तर लग्नकार्याचे अल्बम चाळा, मागच्या भिंतीवर चित्र कुठेतरी दिसतंच. आमचं दादाच्याच साखरपुड्याच्या फोटोत सापडलं. आभाळ स्वच्छ होतं.